खिडकीतली बादली

सातारला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ते स्वीट पी लावतात. ही मटारासारख्या वेलीची, गोड वासाची फुलं. वेल सुतळीवर चढवताना "सीधा चल!" असा हुकूम सोडतात आणि फुलांना कुणाला हात लावू देत नाहीत.

त्या हिवाळ्यात आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. महिनाभर तिचं तोंड भिंतीकडेच. एका सकाळी सुभेदार बहरलेली बादली काठ्यांसकट उचलून, धापा टाकत जिना चढून आले.

"चार फुलं दिली असती तरी चाललं असतं," मी म्हणाले.

"आवं, तोडल्यालं फूल दोन दिसांत सुकतंय. वैनींना रोज नवी कळी दिसू दे."

त्यांनी बादली खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने आई कण्हत, आपली आपण, खिडकीकडे वळली. सुभेदार आमच्याकडे पाठ करून आधीच घट्ट असलेली सुतळी पुन्हा बांधत राहिले.