तपासनीसबाई आणि सातपट आकडे

उपग्रहाकडून येणारे आकडे तपासायचे आणि चुकीचे बाजूला काढायचे, हे काम तपासनीसबाई चौदा वर्षं करत होत्या. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू असतो. वरची हवा तापली की तो तिची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर फेकतो. बाई मोजायच्या ती हीच उष्णता. घरी हे कुणाच्या डोक्यात शिरत नसे. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "सून गॅसच्या ऑफिसात आहे." मग पाहुणे विचारणार, सिलिंडर लवकर मिळेल का? बाईंनी समजावणं कधीच सोडलं होतं.

एका मंगळवारी सूर्यावरचं मोठं वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं आणि आकडे सातपट चढले. विभागप्रमुख तावातावानं आले.

"यंत्र बिघडलंय. काढून टाका सगळं."

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे, सकाळीच बघितलंय. हवा तापलीय, म्हणून वायू जास्त उष्णता फेकतोय."

"सातपट? काहीतरीच! मर्यादेबाहेरचा आकडा म्हणजे चूक. नियम आहे."

"नियम शांत दिवसांचा आहे हो! सूर्याला कोण वाचून दाखवणार?"

पालथ्या घड्यावर पाणी. आकडे काढायच्या कागदावर सही करायला बाईंनी साफ नकार दिला, तेव्हा साहेबांनी स्वतःच सही ठोकली. त्या दिवसाचे आणि पुढच्या दोन दिवसांचेही आकडे यादीतून उडाले.

शुक्रवारी उपग्रहांच्या कक्षा सांभाळणाऱ्या विभागातली अभियंता रडकुंडीला येऊन दारात उभी. वादळानं फुगलेली हवा आठवडाभर तशीच राहील, तिच्या घर्षणानं उपग्रह भराभर खाली सरकतील, असं त्या विभागाचं गणित होतं. पण हवा आधीच गार होऊन आकसली आणि उपग्रह सांगितल्या जागी सापडेनात.

"बाई, किती उष्णता बाहेर गेली ते आकडे द्या ना."

"आहेत कुठे? उडवले!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या खोलीतले डोकावले.

नशीब, मूळ नोंदी शाबूत होत्या. त्या पुन्हा चाळून आकडे तयार करण्यात अकरा दिवस गेले, रविवारसकट. गणित जुळलं. बैठकीत साहेब छाती काढून म्हणाले, "आकडे खरे आहेत, आमचा विभाग पहिल्यापासून हेच सांगत होता."

बाईंनी कपाळावर हात मारला. मग उठल्या. "मग साहेब, वादळात मर्यादा लावायची नाही, एवढं आत्ताच लिहून द्या."

सगळ्यांदेखत द्यावं लागलं. पुढे महिनाभर साहेब बाईंशी बोलले नाहीत. काम झपाट्यानं झालं.