गैरहजर गडी

"काका, आंगठा कशाला फुडं करताय? आकडं सांगा, आकडं! आत्ता तुमच्या मोबाइलवर आल्यात न्हवं?"

"आकडं लेकीच्या मोबाइलवर येत्यात, पोरी."

"मग लेक कुटं हाय?"

"सलालात. सासरी."

"मंग गड्याचं कागूदबी सलालालाच न्या की! हितं कशाला बसलाय माझ्या उरावर?"

दुकानात हशा पिकला. म्हाताराही हसला आणि लेकीला फोन लावायला उन्हात गेला. जुवैनाचं बोलणं असंच खडबडीत. पण तिच्या बोलण्यानं कुणी उठून समोरच्या दुकानात गेलं, असं आमच्या बाजारात कधी झालं नव्हतं.

ओमानातल्या निझवापासून तासाभराच्या वाटेवर, किल्ल्याच्या खालच्या अंगाला तिचं दुकान. गाडीचे परवाने, विजेची जोडणी, सगळेच अर्ज ती भरते. खरी रीघ मात्र परदेशी गड्यांच्या कागदांची. ज्याच्या नावावर गड्याचा व्हिसा, त्याचं सरकारी खातं संगणकात. गडी आणायचा, मुदत वाढवायची, परत धाडायचा, सगळं त्या खात्यातून. मालकांना ते उघडता येत नाही. म्हणून खातं मालकाचं आणि बोटं जुवैनाची. खातं मालकाच्या मोबाइलवर आकडे धाडतं, मालक ते तिला सांगतो, ती कळ दाबते. कुणाचा गडी का गेला, कुणाच्या घरात काय शिजतंय, हे तिला सगळं ठाऊक. ती बाहेर एक शब्द काढत नसे. त्याचा तिला भारी ताठा होता.

त्याच ताठ्यानं तिला शेण खायला लावलं.

खजुरीची काढणी चालू होती. सकाळी दुकानाकडं येताना सुलैयमच्या बागेपाशी तिनं गाडी हळू केली होती. झाडाच्या शेंड्यावर, कमरेला दोर लावून, आक्कास घड कापत होता. त्यानं वरून सलाम ठोकला, तिनं काचेतून हात हलवला. आक्कास बंगाली, चौदा वर्षं झाली इथं. गडी मात्र सुलैयमचा नव्हे, म्हाताऱ्या मरहूनचा.

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडं काढणीत गडी असाच जातो. मेव्हण्याची झाडं पिकली, त्याच्याकडं चढणारा नाही, की आपला धाडून द्यायचा. मागायचं नाही, सांगायचं नाही, परत कधी देतोस म्हणायचं तर मुळीच नाही. सुलैयम हा मरहूनच्या पहिल्या, वारलेल्या बायकोचा भाऊ. मरहूनची धाकटी बायको आणि सुलैयमचं घर यांच्यात बारा वर्षांचा अबोला. म्हाताऱ्यानं धाकटीला न सांगताच गडी पाठवला होता.

दुपारी दुकान भरलेलं असताना मस्कतहून हिलालचा फोन आला. हिलाल हा धाकटीचा लेक. तिकडं मोठ्या कंपनीत साहेब. बापाचं खातं त्याच्याच मोबाइलला जोडलेलं.

"जुवैना, आमचा आक्कास आठ दिस झालं घरी न्हाय. आई म्हणती पळाला. गैरहजर टाक त्येला."

"आवं पण हिलालभाऊ, म्हाताऱ्यास्नी इचारलंसा का?"

"त्येंना ऐकू येतंय व्हय? तू काम कर. आकडं धाडतो. आन ऐक, आमच्या कंपनीच्या चाळीस गड्यांचं कागूद तुझ्याकडंच द्यायचं बघतोय मी."

सुलैयमचं नाव घेतलं तर दोन घरांत आग लागणार, आणि म्हणणार जुवैनानं चुगली केली. शिवाय ते चाळीस गडी. आकडे आले. पडद्यावर शेवटी एक चौकट येते: माझ्या माहितीप्रमाणे वरील मजकूर खरा आहे. जुवैनानं तिथं बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "फुडचं कोण हाय?"

अशी नोंद झाली की मालकाला ती मागं घ्यायला सात दिवस. त्यानंतर गडी पळालेला ठरतो. दिसेल तिथं धरतात, देशाबाहेर घालवतात, आणि परत येण्याची वाट कायमची बंद.

सहाव्या दिवशी आक्कास दुकानात आला. डोक्याला नवा रुमाल, हातात सुलैयमनं दिलेला खजूर.

"ताई, ह्ये तुला. थोडं बघ ना, माझं कार्ड किती दिवस चालतं? मोठ्या मुलीचं लग्न. तिकीट काढलं मी, येत्या जुम्म्याचं. एक महिना, मग परत काम."

तिनं त्याच्या कार्डाचा क्रमांक घातला; नुसतं बघायला आकडे लागत नाहीत. त्याच्या नावावर लाल पट्टी होती. त्याला वाचता येत नव्हतं. तो पडद्याकडं असा बघत होता, जसं तिथं त्याच्या लेकीचा फोटोच लागलाय.

"यंत्र बंद हाय," जुवैना म्हणाली. "उद्या ये."

तो गेला. तिनं खजुराला हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकं बसलेली सोडून ती उठली आणि थेट मरहूनच्या ओसरीवर गेली. म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं काहवा, म्हणजे कॉफी, ओतली. तो इवला कप, फिंजान, तिच्या हातात तसाच राहिला.

तिनं ओरडून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला अर्धं ऐकू गेलं, अर्धं तिच्या तोंडावर दिसलं.

"पळाला? आगं, मीच धाडलाय त्येला."

"मला ठावं व्हतं, काका. त्याच सकाळी झाडावर बघितला मी."

"ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन तरीबी टाकलंस?"

"व्हय."

म्हाताऱ्यानं काहव्याचं भांडं खाली ठेवलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्या बायकूच्या भ्यानं गप बसलो. तू कुणाच्या भ्यानं?"

 तिनं हिलालला फोन लावला.

"मागं घिऊ म्हणतीस तर घी," हिलाल म्हणाला. "पण गडी पळाला व्हता, परत आला, आसं लिव. नोंद चुकीची व्हती म्हटलं की आमच्या खात्याला डाग लागतो."

"आन पळाला लिवलं तर त्येच्या नावाला लागतो, जलमभर."

"त्येच्या नावाचं काय करायचंय तुला?"

म्हाताऱ्यानं तिच्या हातातला फोन ओढला. "हिलाल्या! खातं माझ्या नावचं हाय का तुझ्या? आकडं दे तिला! न्हायतर म्या सोता मस्कतला येतो आन तुझ्या साहेबाफुडं बसतो!"

आकडे आले. दुकानात परत येऊन जुवैना पडद्यासमोर बसली. कारण विचारणाऱ्या चौकटीत तिनं लिहिलं: गडी पळाला नव्हता, मालकानंच नातलगाकडं पाठवला होता; अर्ज भरणाऱ्या बाईला हे माहीत असूनही तिनं खोटी नोंद केली. खाली स्वतःचं नाव आणि दुकानाचा परवाना क्रमांक घातला. तासाभरात लाल पट्टी गेली. मागोमाग तिला पत्र आलं: गैरहजेरीचे अर्ज भरायला सहा महिने बंदी, आणि पुन्हा घडलं तर परवाना रद्द. चाळीस गड्यांचं नाव हिलालनं परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कास आला. गप्प बसली असती तर त्याला काही कळलं नसतं. तिनं त्याला बसवून सांगितलं. पट्टी काय होती, कुणी लावली, लावताना तिला काय ठाऊक होतं, काल यंत्र बंद नव्हतं, सगळं. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. कुणी हसलं नाही.

आक्कासनं डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "आता नाही ना लाल?"

"न्हाय. बघ."

"मला काय कळतं बघून," तो म्हणाला.

त्यानं कार्ड उचललं, रुमाल उचलला आणि बाहेर पडला. रस्ता ओलांडून तो समोरच्या दुकानात शिरला. काचेतून दिसत होतं: त्यानं कार्ड तिथल्या माणसापुढं ठेवलं, पडद्याकडं बोट केलं. त्या माणसानं मान डोलावली. आक्कासनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा मान डोलावली. मग आक्कास बाहेर आला आणि या बाजूला न बघता बसथांब्याकडं चालू लागला.

जुवैना काचेपासून वळली. खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं, गड्याची मुदत वाढवायला. तिनं हात पुढं केला.

"कार्ड द्या," ती म्हणाली. "आन गडी कुटं हाय आत्ता, त्ये आधी सांगा."