भावजींना पुढे करून

सत्तरच्या दशकात कोरेगावच्या पंचायत समितीत एक शहाणी बाई कारकून होती. पाठ ताठ, नाकावर चष्मा. डोळ्यांना नंबर नव्हता. साध्या काचा बसवून घेतल्या होत्या, का तर त्याशिवाय ओव्हरसिअर मंडळी तिला अर्ज लिहून देणारी पोरगी समजत. ती बाई म्हणजे मी. आता नातवंडं तेव्हाचा फोटो बघून हसतात, तेव्हा मीही हसते. पण मनात कुठेतरी खुपतं, त्याचं कारण चष्मा नाही.

माझ्याकडे काम होतं ते असं. तालुक्यात कुणाला कारखाना काढायचा असेल, तर त्याच्या सांडपाण्याचं काय, पिकाचं काय, पिण्याच्या पाण्याचं काय, अशी विचारणा वरून यायची. पाण्याचा नवा कायदा झाला होता आणि सगळे त्याला जरा बिचकून होते. आरोग्य, शेती, पाटबंधारे आणि गाव, या चौघांची मतं गोळा करायची आणि साहेबांपुढे ठेवायची. साहेब म्हणजे आमचे गट विकास अधिकारी. मला वाटायचं, तालुक्याचे नदीनाले माझ्या पदराला बांधलेत.

अशातच आमच्याच गावाच्या ओढ्याकाठी पुठ्ठ्याचा कारखाना यायचं ठरलं. उसाची चिपाडं आणि गवताचा पेंढा कुजवून, शिजवून त्याचा पुठ्ठा. आमचं गाव म्हणजे माझं सासर. मी साहेबांना म्हटलं, घरचाच मामला आहे, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "तुमचंच गाव, तुम्हालाच माहिती जास्त. दुसरा कोण आहे इथं?" मी फार आढेवेढे घेतले नाहीत. खरं तर मला ते आवडलंच होतं.

घरचा मामला का, तर माझे धाकटे दीर. फौजेतून सुटून आले होते. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. पेन्शनमध्ये भागत नव्हतं. जागा बघायला आलेल्या कारखान्याच्या मालकानं त्यांची छाती आणि चालणं बघून तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, "पहिला वॉचमन तूच." भावजी गावात राहणार म्हणून जाऊबाईंनी परड्यात भाजीचे वाफेसुद्धा काढले. नाहीतर मुंबईकडे जावं लागणार, हे सगळ्या घराला माहीत होतं. ही नोकरी म्हणजे त्या दोघांचं एकत्र राहणं होतं.

गाव सोडून तिघांची मतं आली. आरोग्यवाल्यांनी लिहिलं, शेतीखात्याची हरकत नसल्यास आमची नाही. शेतीवाल्यांनी लिहिलं, पाटबंधाऱ्याची नसल्यास आमची नाही. पाटबंधाऱ्यानं लिहिलं, आरोग्याची नसल्यास. तिघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेले. मला राग आला. मी साहेबांना म्हटलं, चालू असलेला असा एखादा कारखाना बघून येते, सांगलीच्या बाजूला आहे म्हणतात. साहेब म्हणाले, "जा." सासरे म्हणाले, "एकटी न्हाई." सून परगावी एकटी पाठवायची पद्धत नव्हती, मग ती सरकारी नोकरी करो नाहीतर काही करो. सोबतीला भावजींना दिलं.

असे आम्ही एस.टी.नं गेलो, मी पुढच्या बाकावर, ते मागच्या. कारखान्याचा ओढा लांबूनच नाकाला कळला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर फेस. एक बाई म्हैस घेऊन उभी होती. म्हैस काठापर्यंत यायची, फुरफुरायची आणि तोंड फिरवायची.

"पीत न्हाई व्हय?" भावजींनी विचारलं.

"न्हाई बा. मारून बघितलं, गोंजारून बघितलं. आता पार त्या टेकाडाच्या हिरीवर न्यावी लागती. तुमी कारखान्याचं हायसा का?"

"न्हाई. आजून न्हाई," भावजी म्हणाले.

मग ते काठाकाठानं बरंच लांब चालत गेले. पाण्यात बोट घालून वास घेतला. एका विहिरीत वाकून बघितलं. मी छत्री उघडून रुबाबात उभी.

परतीला साताऱ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर चहा घेताना भावजी म्हणाले, "वैनी, आपल्या वढ्याचं बी आसंच व्हनार?"

"मला काय विचारता भावजी. तुम्ही बघितलंत की."

"बघितलं. पन बघितलं म्हंजी बोललंच पायजे, आसं थोडंच हाय."

मी चष्मा पुसला.

गावाचं मत घ्यायला चावडीवर सभा भरली. पुढच्या सतरंजीवर सासरे आणि त्यांच्या वयाची मंडळी, शेजारी साहेब आणि मालकाचा माणूस. मी खांबाआड, डोक्यावर पदर. ऑफिसात हाच पदर मी खांद्यावर ठेवायची, पण सासऱ्यांपुढे सुनेनं चारचौघांत तोंड उघडायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. साहेबांना ते माहीत नव्हतं. ते देशावरचे नव्हते.

"बाई, तुम्ही बघून आलात ना? सांगा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, सासऱ्यांची सोडून. मला म्हणता आलं असतं, साहेब, लेखी देते. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लेखी मताला गाव मोजत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि माझं काम वाया गेलेलं मला नको होतं. मी हळूच म्हटलं, "साहेब, आमचे भावजी बरोबर होते. फौजेतले आहेत. त्यांना रिपोर्ट विचारा."

मुद्दाम म्हटलं रिपोर्ट. साधं विचारलं असतं, तर ते गोल बोलून मोकळे झाले असते. फौजेतला माणूस रिपोर्ट खोटा देत नाही, हे हेरूनच मी बोलले.

भावजी उठले. टाचा जुळल्या. पाण्याचा रंग, वास, म्हैस, विहीर, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं, आवाज न चढवता. मालकाचा माणूस म्हणाला, "आरं, तुलाच तर कामावर घेणार हाय."

"व्हय," भावजी म्हणाले. "मला म्हाईत हाय."

ते खाली बसले. गावानं हात वर करून हरकत घेतली. कारखाना दुसरीकडे गेला. साहेबांनी जिल्ह्याच्या बैठकीत माझं कौतुक केलं, आणि ती शहाणी बाई घरी येताना बत्तासे घेऊन आली. बत्तासे.

जाऊबाई चुलीपुढे होत्या. पुडा घेतला नाही. भाकरी थापत म्हणाल्या, "तुमची नोकरी हाय म्हनून तुमी बोलला न्हाई. त्यास्नी बोलाय लावलं आन् त्यांची गेली."

म्हटलं, "अगं, पाणी वाचलं गावाचं."

"वाचलं की. मी कुटं न्हाई म्हनते?"

हे ऐकायला फार जड गेलं. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओढा वाचवला याचा मला पस्तावा नाही, आजही नाही. पण वाचवायला मी माणूस कुणाचा वापरला, आणि माझ्या अंगाला कसा ओरखडासुद्धा आला नाही, हे काही केल्या विसरता येत नाही. पदर मोठा सोयीचा असतो.

भावजी ठाण्याकडे एका रसायनाच्या कारखान्यावर पहाऱ्याला गेले. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा जेवताना हसत सांगत होते, "वैनी, थितल्या नाल्याचं पानी रोज येगळ्या रंगाचं. काल हिरवं, तर आज तांबडं. थितं कुनी इचारतच न्हाई." मी त्यांच्या ताटात कालवण वाढलं. एरवी मला कुठल्या खात्याचं दार कुठे आहे ते तोंडपाठ, पण त्या दिवशी एकही सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जाऊबाईही निघाल्या. त्या नाल्याकाठीच खोली मिळाली होती. त्यांचं अंथरूण-पांघरूण मी बांधायला घेतलं, सुंभाच्या गाठी घट्ट मारल्या. एस.टी.ची वेळ होत आली होती. त्या आल्या, माझ्याशेजारी खाली बसल्या, मी मारलेल्या गाठी एकेक करून सोडल्या आणि वळकटी पुन्हा आपल्या हातानं बांधली.