नर्सरीची घंटा

हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या आम्ही बायका लंडनच्या वेम्बलीला भाजी घ्यायला भेटलो, की भाजी राहते बाजूला आणि किस्सेच निघतात. आमचं क्वार्टर म्हणजे जुनं मॅनर हाऊस! आधी लॉर्डचं घर, मग पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचा वॉर्ड, मग मुलींची शाळा. ऐंशीच्या दशकात आम्हा डॉक्टरांची बिऱ्हाडं आली. आता म्हणे हॉटेल झालंय.

मी मुळातच घाबरट. कुकर बंद केला का, हे तीनदा बघणारी. त्यात मुक्ता दोन वर्षांची.

*

आमची खोली म्हणजे लॉर्डची नर्सरी, त्याच्या मुलांची खोली. केअरटेकर जॉर्जने पहिल्याच दिवशी बजावलं, "ही खिडकी उघडू नका. एक मूल पडलं होतं."

"केव्हा?"

"पहिल्या महायुद्धाआधी."

माझा नवरा श्रीकांत हसला. "अगं, पाऊणशे वर्षं झाली!"

मी त्याच दुपारी परकराची नाडी काढून खिडकीची कडी करकचून बांधली.

*

तरी मुक्ता त्या खिडकीकडे बघून खुदकन हसायची. शेजारच्या शैलावहिनी म्हणाल्या, "दृष्ट काढ गं तिची." मीठ, मोहरी, मिरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर पडल्या आणि फायर अलार्म! अख्खं मॅनर लॉनवर!

फायरमनने डोळे पुसत विचारलं, "डिनर का?"

वहिनी म्हणाल्या, "नो, नो. इव्हिल आय!"

*

एकदा शाळेची जुनी विद्यार्थिनी खोली बघायला आली. चांगली साठीची. म्हणाली, "इथे एक बाई आमच्या वेण्या घालायची. इतक्या घट्ट, की सुटायच्या नाहीत!"

"बोर्डिंगची मेट्रन?"

"छे! मेट्रन म्हणाली, अशी कोणी बाई इथे नाहीच."

मी चहा द्यायचाच विसरले.

*

तळघरातल्या किचनमध्ये नोकरांना बोलवायच्या घंटांचा बोर्ड होता. प्रत्येक घंटेखाली खोलीचं नाव. "तारा कधीच्याच कापल्यात," जॉर्ज म्हणायचा. वहिनी त्या घंटांना मेथीच्या जुड्या वाळायला टांगायच्या.

त्या दुपारी मुक्ता वर झोपली होती. आम्ही पोळ्या लाटत होतो. घंटा वाजली. मेथी खाली पडली.

वहिनी वाचून म्हणाल्या, "अगं... नर्सरी!"

मी लाटण्यासकट जिने चढले. खिडकी सताड उघडी. मुक्ता काठावर, दोन्ही पाय बाहेर. कमरेला माझी नाडी, दुसरं टोक रेडिएटरच्या पाइपला.

मी तिला आत ओढलं, पण गाठ सुटेना. शेवटी श्रीकांतने येऊन कात्रीने कापली.

"बरं झालं बाई, तिला बांधून ठेवलंस," तो म्हणाला. "पण किती घट्ट!"

मी नाडी बांधली होती ती कडीला.