भिंतीकडे तोंड करणारे चाचा

कुणी पासवर्ड टाईप करायला लागलं, की आमच्या ऑफिसातले चाचा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. "झालं का रे बाबा? वळू?" असं विचारूनच पुन्हा वळायचे. तुम्हीही ऑफिसात तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या पासवर्डला एवढा मान देणारा मी हा एकच पाहिला.

पनवेलच्या आमच्या ऑफिसात जहाजांवरच्या मालाची कागदपत्रं मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवरून उतरवावी लागत. आमचं इंटरनेट प्रॉक्सीमधून, म्हणजे मधल्या एका कॉम्प्युटरमार्फत जायचं, त्यामुळे सर्व्हर पासवर्ड विचारायचाच नाही, सरळ नकार द्यायचा. चाचांनी तोड काढली. ब्राउझरमध्ये टाकायच्या पत्त्यातच, सर्व्हरच्या नावाआधी, आपलं नाव आणि पासवर्ड लिहायचा. फाइल उघडायची. पण तो अख्खा पत्ता पासवर्डसकट कॉम्प्युटरच्या हिस्टरीत राहायचा. "काम झालं की पुसायचं. दार उघडं टाकून जायचं नाही." त्यांचा पासवर्ड त्यांनी फक्त मला दिला होता.

एका शुक्रवारी मी तो वापरला आणि पुसायला विसरलो. माझ्यानंतर त्या कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणीतरी तोच पत्ता उघडून एका गिऱ्हाइकाचं फोल्डर उडवलं. कोण, ते कधीच कळलं नाही.

"दीड वाजता तुमच्या नावानं उघडलंय," साहेब चाचांना म्हणाले.

साहेब नवे होते. शुक्रवारी दीड वाजता चाचा मशिदीत असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. चाचा एवढंच म्हणाले, "माझ्याकडून पुसायचं राहिलं असेल."

मी शेजारीच उभा. नोकरी कायम व्हायची होती. गप्प राहिलो. साहेबांनी चाचांचा कॉम्प्युटर काढून घेतला. पन्नाशी उलटलेला माणूस बंदरावर कागद पोचवत उन्हातान्हात फिरू लागला. मला भेटले की मात्र तसेच, "जेवलास का?"

चाचा गेल्या वर्षी गेले. त्याआधी त्यांच्याशी बोललो, एवढंच समाधान. ते रिटायर झाल्यावर एकदा घरी जाऊन सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं. पासवर्ड एकालाच दिला होता ना मी."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. जरा जास्तच थांबवलंस." हसले. "आता आलायस तर मुलानं कुवेतहून मेलवर फोटो पाठवलेत, तेवढे उतरवून दे."

मी कॉम्प्युटर लावला, कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे वळलो.

"इकडे बघ. मला आता अक्षरं दिसत नाहीत," चाचा म्हणाले, आणि पासवर्ड मोठ्यानं सांगू लागले, एकेक अक्षर.