छावणीतली चापट

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण बैलाच्या तोंडाकडं बघून तो शिंग कधी मारणार, हे मला आधी कळायचं. माणसाच्या बाबतीत उलटं. कोणी गप्प राहिलं की वाटायचं, आखडलाय. दात दिसले की वाटायचं, मलाच हसतोय. मग विचारायच्या आधी आमचा हात जायचा.

दुष्काळात आमच्या सोसायटीनं जनावरांची छावणी घातली होती. माझी बैलजोडी तिथंच दावणीला. रोज सकाळी चाऱ्याचा ऊस तोलून मिळायचा. काट्यावर शेजारच्या गावचा एकजण बसायचा. एका सकाळी त्यानं माझ्या बैलाच्या बरगड्यांवर नजर टाकली, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि दात काढले. मी कानाखाली वाजवली. त्याची टोपी उसात पडली.

सोसायटीचे चेअरमन आले. म्हणाले, "सगळ्यांसमोर चुकलो म्हणा, न्हाईतर आत्ताच्या आत्ता जोडी सोडा."

घरी कडब्याची पेंढी नव्हती. जोडी सोडली तर सरळ बाजारात न्यावी लागली असती. तरी मी म्हणालो, "ह्यो मला हसला. मी कशापायी चुकलो म्हणू?"

तो माणूस गाल चोळत उठला. "हसायला तुजी काय वरात चाललीय व्हय बे? ये, हितं बस."

त्यानं मला त्याच्या जागी बसवलं आणि स्वतः मी होतो तिथं उभा राहिला. "आता बग माज्याकडं."

मी वर बघितलं. त्याच्या डोक्यामागून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं.

"बगा, बगा," रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ह्यो बी दात काढाय लागला!"

खरंच, माझे डोळे बारीक झाले होते आणि ओठ वर गेले होते. सगळी रांग हसली. ते हसणं मात्र मलाच होतं. हात वर जायला लागला, तो मी मांडीखाली दाबला.

"चुकलं माजं," मी म्हणालो.

"मोठ्यानं," चेअरमन म्हणाले.

मी मोठ्यानं म्हणालो.

मी उठलो. त्यानं परत काट्यावर बसून माझा ऊस तोलला. रोजच्यापेक्षा एक कांडं कमी नाही, जास्त नाही. त्याच्याकडून मोळी घेताना मी त्याचं तोंड नीट बघितलं. राग होता की आणखी काही, मला कळलं नाही. म्हणून विचारलं, "लई लागलं का?"

"सरक," तो म्हणाला, "मागं रांग हाय."

मी सरकलो.