ओवाळायला चार मुली आणि एक मुलगा

परवा मला एकाच कार्यक्रमात दोनदा ओवाळलं…

मी बीडच्या कोर्टात वकिली करते. संविधान दिनानिमित्त उमापूरच्या पुढच्या एका गावात, सातवीपर्यंतच्या शाळेत बोलायला बोलावलं होतं. विषय 'शाळेतला भेदभाव आणि कायदा'.

आदल्या दिवशी मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा फोन आला. पाहुण्यांना ओवाळायला पाच मुलं निवडायची होती आणि यंदा त्यांना निवड कायद्याला धरून करायची होती. कलम पंधरामध्ये पाच कारणं दिलीत, ज्यांवरून भेदभाव करता येत नाही… धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. सरांनी प्रत्येक कारणाचं एकेक मूल घेतलं होतं, फक्त वंशाचं काही मिळेना. मी म्हटलं, सर, सगळ्यांना सारखं वागवा म्हणजे झालं. त्यांना ते फारच मोघम वाटलं असावं.

पोचले तर दारातच पाच जण ताट घेऊन उभे. सर एकेकाची ओळख करून देत होते. ही शेखांची, धर्माची. ही जन्मस्थानाची, पुण्याच्या दवाखान्यात जन्मलेली. जातीची कोण ते मी विचारलं नाही, पण सरांनी सांगितल्याशिवाय सोडलं नाही. वंशाच्या जागी पाटलांची नात बसवली होती, कारण त्यांच्या घरात वंशावळ भिंतीवर टांगलेली आहे म्हणे.

आणि लिंगाचा म्हणून एक मुलगा! तो बिचारा रडायच्या बेतात होता. त्यानं कुंकू लावलं ते माझ्या चष्म्याच्या काचेवर.

"कायद्यात बसंल असंच घेतलंय सगळं, मॅडम," सर म्हणाले. मला खरंच कौतुक वाटलं. इतक्या मनापासून कायदा पाळणारा माणूस मी कोर्टातसुद्धा पाहिलेला नाही.

भाषणात मी ती पाच कारणं मुलांकडून बोटांवर पाठ करून घेतली. मग प्रश्न विचारा म्हटलं आणि नसती आफत ओढवून घेतली. एकाचं आडनाव 'अ'वरून, म्हणून तोंडी परीक्षेत दर वेळी त्याचाच पहिला नंबर. एकाला खिचडी वाढताना वाढपी खालची करपलेली देतो. मी न्यायाधीशाच्या थाटात एकेक अर्ज फेटाळत होते… नाही बाळा, यादीत बसत नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. सारिका नाव, सातवीत. तिनं पाची बोटं परत मोजली आणि विचारलं, "मॅडम, ह्यात रंग कुठं हाय?"

मी म्हटलं, रंग नाही. ती बरं म्हणून खाली बसायला लागली, कोर्टात पुढची तारीख मिळालेल्या पक्षकारासारखी. मला राहवलं नाही. का विचारलंस, म्हटलं.

"मला ओवाळायला घेत न्हाईत. दर साली हात वर करते. औंदा सातवी हाय, पुढल्या साली ही शाळाच न्हाई मला."

मी त्या पाच जणांकडे नीट बघितलं. धर्म वेगळा, जात वेगळी, जन्मस्थान वेगळं… आणि पाचही जण एकाच गिरणीतून आणलेल्या पिठासारखे गोरेपान.

सर उठले. अजिबात चिडले नव्हते. फोटो वर केंद्रप्रमुखांना पाठवावा लागतो, हॉलमध्ये उजेड कमी, फोटोत जरा बरं दिसावं एवढाच हेतू, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "आन मॅडम, यादीत रंग न्हाईच की. आत्ता तुमीच सांगितलं."

आता आली का पंचाईत! मी कलम चौदा काढलं. तिथं यादीच नाही, कायद्यापुढं सगळेच समान. शिक्षण हक्काच्या कायद्यात मुलाला मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, तेही सांगितलं. मुलं जांभया द्यायला लागली. सर मान डोलवत होते, पण अशी मान डोलवून विरुद्ध निकाल देणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आणि सारिका माझ्याकडे बघतच नव्हती. ती टेबलावरच्या ताटाकडे बघत होती. मला तिचं वाईट वाटलं आणि रागही आला, स्वतःचाच जास्त.

कायदा ठेवला बाजूला. म्हटलं, "सर, फोटोच्या मधोमध तर मीच असणार. मग मला कावून बोलावलं?"

ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते… मी काळा कोट घातला की कोट कुठं संपतो आणि मी कुठं सुरू होते ते कळत नाही, असं माझा सख्खा भाऊ म्हणतो.

आधी तो चष्म्याला कुंकू लावणारा मुलगा फिस्सकन हसला, मग शाळेतल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि शेवटी सरसुद्धा, कान लाल करून. "चुकलंच मॅडम," म्हणाले आणि विझलेलं निरांजन स्वतः पेटवून त्यांनी ताट सारिकाच्या हातात दिलं.

तिनं कुंकू बरोबर मधोमध लावलं. इतकं सावकाश ओवाळलं की बाईंना टाळ्या दोनदा सुरू कराव्या लागल्या.

मग सरांनी आमचा फोटो काढून दाखवला. त्यांच्या मोबाइलला आपोआप गोरं करायची सोय! सारिकानं स्क्रीन जवळ घेऊन बघितली.

"सर, ह्या दोघी कोन हायत?"

ते सेटिंग बंद करायला अख्खा स्टाफ लागला. नंतरचा फोटो तिच्या आईला विचारून खाली टाकलाय. जशा आहोत तशा आहोत दोघी.

सारिका, तुझे आभार गं. ते कलम मला कॉलेजपासून पाठ आहे… पण त्यात आपला रंग नाही, हे मी कधी बोटांवर मोजून बघितलंच नव्हतं.